मच्छिंद्र पेंटर आणि दुसरी ओळ

खैरमळ्याचे मच्छिंद्र पेंटर वारले, तेव्हा ते मोरीत तोंडाला साबण लावून बसले होते.

शनिवारची सकाळ, साडेसहाची वेळ. चाकणला कंपनीत असलेल्या त्यांच्या मुलाचा, सहादेवचा, फोन आला. सून निकितानं पिठाच्या हातानंच तो उचलला. पलीकडून सहादेव हुंदके देत होता. "आबा वारले आन् मला कुनी कळवलंसुदिक न्हाई? ग्रुपवर वाचावं लागलं व्हय मला?"

निकिताला काही उमजेना. "अवो, काय बोलताय? आबा मोरीत हायेत. पानी संपलं म्हनून वरडत्यात."

"नीट बघून सांग," सहादेव म्हणाला.

आता नीट म्हणजे किती नीट बघायचं? ती बिचारी मोरीच्या दाराशी गेली आणि म्हणाली, "आबा, बरं हाय ना तुमाला?" आतून आवाज आला, "डोळ्यात साबन गेलाय! पानी दे आधी, मग चौकशा कर!" निकितानं फोन मोरीच्या दाराला लावून धरला. बापाचा तो आरडाओरडा ऐकून सहादेवच्या जिवात जीव आला.

हे कसं झालं ते सांगायचं तर पेंटर काय माणूस आहे ते आधी सांगायला हवं. कारण त्यांची नात उगाच बदनाम झाली. चूक तिची कमी आणि म्हाताऱ्याची जास्त होती.

काष्टीहून नगरकडं निघालं की चार किलोमीटरवर खैरमळ्याचा फाटा लागतो. फाट्यावर एक चहाची टपरी, एक पंक्चरचं दुकान आणि सिमेंटचा एक काळा फळा. हा फळा म्हणजे पेंटरचं राज्य. लोक कानावर विडी ठेवतात, पेंटर खडू ठेवतात. चाळीस वर्षं त्यांनी ट्रॉल्यांच्या मागं लिहिलं, गिरण्यांवर लिहिलं, निवडणुकीत सगळ्या पक्षांच्या भिंती एकाच मायेनं रंगवल्या. मग फ्लेक्स आला आणि ब्रश माळ्यावर गेला. राहिला तो फळा. ग्रामसभा, लाइट कधी जाणार, डोस कधी पाजणार, कुणाची शेळी हरवली, आणि गावात कुणी गेलं तर त्याची बातमी. खडू ते पाण्यात भिजवून घेत. ओल्या खडूनं लिहिलं की आधी काही दिसत नाही, वाळता वाळता अक्षर पांढरंशुभ्र उठतं. नवखा माणूस बघतच राहायचा आणि पेंटर मिशीत हसत टपरीवर जाऊन बसायचे.

एवढी अक्षरं काढली, पण गड्यानं जन्मात एक पुस्तक वाचलं नव्हतं. कुणी छेडलं की म्हणायचे, "हलवाई पेढे खातो का? मग झालं तर."

गेल्या जूनमध्ये गावच्या जिल्हा परिषद शाळेत शुभांगी मॅडम आल्या. सहावी ते आठवीला मराठी शिकवायच्या. त्यांनी आल्या आल्या ऑफिसातल्या कपाटाचं कुलूप काढलं, पुस्तकं व्हरांड्यात सतरंजीवर मांडली आणि पोरांना सांगितलं, "हवं ते उचला. कंटाळा आला तर अर्ध्यात ठेवून दुसरं घ्या. परीक्षा नाही, मार्क नाहीत. फक्त पुरं झालं की शाळेच्या ब्लॉगवर लिहायचं. पुस्तकातलं कुणीही एक जण व्हायचं आणि त्याच्या तोंडून लिहायचं. आणि शेवट कुणी फोडायचा नाही!"

पोरं आधी बिचकली. मग गॅरेजवाल्याच्या सम्राटनं एका भटक्या कुत्र्याच्या तोंडून असं काही लिहिलं की त्याच्या बापानं गिऱ्हाइकांना थांबवून थांबवून वाचायला लावलं. तिथून गाडी सुटली. खिचडी करणाऱ्या कलाबाई रोज पळी हलवत विचारायच्या, "आज कुनाचं आलं गं?" पोरांना घास उतरेना, आधी सांगायची घाई. आणि मॅडम दर शुक्रवारी संध्याकाळी नव्या लिखाणाच्या लिंका गावच्या ग्रुपवर टाकायच्या.

ब्लॉगचं नाव होतं 'वाचलं का?' ही अक्षरं पेंटरची. मॅडमनी शाळेच्या फळ्यावर त्यांच्याकडून ओल्या खडूनं लिहून घेतली आणि फोटो काढून ब्लॉगच्या डोक्यावर लावली. पेंटरनी बाहेर तोंड वाकडं केलं, "माझाच फळा मोबाइलात घातलाय बाईनं," आणि घरी येऊन सुनेच्या मोबाइलवर तो सात वेळा बघितला.

त्यांची नात ज्ञानेश्वरी सातवीत. घरात सगळ्यांची ज्ञानू. ही पोरगी जूनपासून पुस्तकांवर तुटून पडली होती. शेळ्यांमागं पुस्तक, चुलीपुढं पुस्तक. दिवाळीपर्यंत एकोणीस झाली. विसावं होतं एका नावाडी आजोबांचं. ते तिला इतकं लागलं की संपल्या संपल्या तिनं ते पुन्हा वाचलं. मग त्या नावाड्याची नात होऊन लिहायला बसली आणि आबांना विचारलं, "सुरवात कशी करू?"

इथंच घोटाळा झाला. चाळीस वर्षांचा अनुभव खाकरून पुढं आला. "पैली वळ अशी पायजे का सायकलवरचा मानूस उतरला पायजे. बाकीचं मागनं. लोकं पैलीच वळ वाचत्यात, ध्यानात ठेव."

पोरीनं ध्यानात ठेवलं. पुस्तकात 'आजोबा' होतं, पण लिहिताना तिच्या हातून 'आबा'च उतरलं. त्या शुक्रवारी रेंज नव्हती, म्हणून गावच्या ग्रुपवर लिंक पडली ती रात्री उशिरा. तिच्यात ज्ञानूचं नाव, इयत्ता सातवी, आणि खाली तेवढी पहिली ओळ: 'माझे आबा वारले.'

सायकलवरचेच काय, गावातले झाडून सगळे उतरले. पहिली 'भावपूर्ण श्रद्धांजली' भाऊसाहेबांची. भाऊसाहेब म्हणजे शाळेच्या समितीचे अध्यक्ष आणि गावातल्या प्रत्येक मयताचे कारभारी. त्यांच्यामागं रांगच लागली. भाऊसाहेबांनीच ते चटाचटा सगळ्या पाहुण्यांना पुढं पाठवलं. लिंकेवर बोट ठेवून आत जायची तसदी एकानंही घेतली नाही. अहो, दुसरी ओळ वाचली असती तरी भागलं असतं! दुसऱ्या ओळीत नदी होती, पूल होता, होडी होती. आणि खैरमळ्याला आहे काय, तर एक ओढा. त्यात म्हैस बसली की पाणी संपतं.

मग फोन करून का नाही विचारलं कुणी? तर मयताच्या घरी फोन करायची आपल्याकडं रीत नाही. माणसं थेट येतात.

तशी ती आली. पेंटर अंगात सदरा घालून ओट्यावर चहाला बसले आणि दारात टेम्पो थांबला. पुढं भाऊसाहेब, डोळे लाल, खांद्यावर उपरणं. मागं दोन हिरवे बांबू, कामट्या, सुतळी आणि मडकं. भाऊसाहेब उतरले, मान खाली घालून ओट्यापर्यंत आले, वर बघितलं आणि तिथंच मटकन बसले.

"या भाऊसाहेब," पेंटर म्हणाले. "च्या घ्या. कुनाचं काय झालं? कुनासाठी आनलंय हे?"

भाऊसाहेबांनी उपरणं तोंडाला लावलं. टेम्पोवाला मात्र प्रामाणिक. तो म्हणाला, "तुमच्यासाठीच, पेंटर."

मग काय विचारता! निम्मा गाव जमला. कुणी हसतंय, कुणी पेंटरला चिमटा काढून बघतंय, कुणी भाऊसाहेबांना म्हणतंय बांबू बाकी सरळ निवडले. पेंटरनी बांबूवर बोटांनी टकटक करून पसंती दिली. ज्ञानू मात्र दाराआड उभी होती. हसणाऱ्यांकडं तिचं लक्ष नव्हतं. तिनं भाऊसाहेबांचं तोंड बघितलं होतं, आणि ते तोंड रागानं काळंनिळं झालं होतं.

"सोमवारी मीटिंग लावतो," भाऊसाहेब जाता जाता म्हणाले. "ह्ये ब्लॉगबिग बंद. पोरान्ला वाचायचं आसंल तर धडे वाचा म्हनावं."

ज्ञानूनं आत जाऊन दप्तर उघडलं. नव्यानं आणलेलं एकविसावं पुस्तक काढून तिनं कोनाड्यात ठेवलं, वर पाट ठेवला, आणि म्हणाली, "मी न्हाई आता वाचनार." गावानं हसावं, तिरडी आणावी, त्याचं पेंटरना काही नव्हतं. पण पोरीनं पुस्तकावर पाट ठेवला, आणि तो आपल्याच शहाणपणामुळं ठेवला, हे त्यांना सोसेना.

तेवढ्यात गल्लीच्या तोंडाला हंबरडा ऐकू आला.

"माझ्या भावा रं... मला न सांगता कसा गेलास रं..."

पेंटर ताडकन उठले. तो आवाज त्यांनी अकरा वर्षं ऐकला नव्हता. गोजरबाई. त्यांची थोरली बहीण, त्यांची आक्का. श्रीरामपूरहून पहिल्या गाडीनं निघालेली, हातात पिशवी, पदर तोंडाला. रडत रडत ती ओट्यापर्यंत आली. पेंटर पुढं झाले, "आक्का, मी हाय गं!" आक्कानं पदर बाजूला केला, त्यांना वरपासून खालपर्यंत बघितलं, आणि सगळ्या गावासमोर त्यांच्या गालावर एक ठेवून दिली. मग निकिताला म्हणाली, "च्या ठेव पोरी. लांबून आले."

त्यानंतर आक्का राहिली. सुनेशी बोलली, ज्ञानूच्या वेण्या घातल्या, शेळ्यांना नावं ठेवली. पेंटरशी मात्र एक शब्द नाही. पेंटर तिच्यापुढं जायचे, खाकरायचे आणि परत यायचे.

अकरा वर्षांपूर्वी आक्का खैरमळ्यातच राहत होती. तिचे मालक दौंडच्या दवाखान्यात होते, मुलगा त्यांच्यापाशी. रात्री गाईंचं बघायला म्हणून ती घरी आली होती. सकाळी भाकरी बांधून गाडी धरायला फाट्यावर निघाली. इकडं मुलाचा फोन मामाला आला. मामा तेव्हा फळ्यापुढं उभे होते, हातात भिजवलेला खडू. त्यांनी डोळे पुसले आणि हाताच्या सवयीनं दाजींचं नाव लिहिलं, वेळ लिहिली, अंत्यविधी कुठं ते लिहिलं. मनात होतं, एवढं झालं की लगेच आक्काकडं जाऊ. पण आक्काच तोवर फाट्यावर आली. फळ्यावरची ओली अक्षरं वाळत होती आणि तिच्या डोळ्यांदेखत तिच्या नवऱ्याचं नाव एकेक अक्षरानं वर येत होतं. हातात त्याच्यासाठी बांधलेली भाकरी होती.

"आधी माझ्याकडं यायचं सोडून फळ्याकडं गेलास," एवढंच ती बोलली होती. तेरावं झालं आणि ती मुलाकडं श्रीरामपूरला गेली. पेंटर दर राखीला फाट्यावर बसायचे, गाड्या मोजायचे आणि घरी यायचे. माफी मागायला तोंड उघडलं नाही. चाळीस वर्षं गावाच्या बातम्या लिहिणाऱ्या माणसाला स्वतःची एक गोष्ट सांगता येईना.

सोमवारी शाळेच्या व्हरांड्यात मीटिंग भरली. समिती खुर्च्यांवर, बाकी गाव खाली सतरंजीवर. तीच सतरंजी, जिच्यावर पुस्तकं मांडली होती. मुख्याध्यापक म्हणाले, गावाची इच्छा असेल तसं करू. शुभांगी मॅडम उभ्या राहिल्या, "चूक माझी आहे, पुस्तकाचं नाव मी वर टाकायला हवं होतं. पण मुलांचं वाचन बंद करू नका." भाऊसाहेबांनी हात झटकला. "मॅडम, निम्मा तालुका हसतोय आमाला. आपलं ठरलं, बंद."

ज्ञानू खांबाला टेकून उभी होती. पेंटर उठले. सुनेचा मोबाइल त्यांनी धोतरात बांधून आणला होता.

"येकच इचारतो," ते म्हणाले. "किती जनांनी दुसरी वळ वाचली?"

कुणी पायाचा अंगठा बघू लागलं, कुणी छताचा पंखा.

"मी पन न्हाई वाचली," पेंटर म्हणाले. "नात माझी, आन् मीच तिला शिकवलं का लोकं पैलीच वळ वाचत्यात. म्हंजी बांबू माझ्याच अकलेवर आनायला पायजे हुते." हशा पिकला. "आता वाचतो. चुकलो तर पोरांनी सांगायचं."

आणि जन्मात पहिल्यांदा मच्छिंद्र पेंटर मोठ्यानं वाचू लागले. अडखळत, बोटानं ओळ धरून. नदीवर पूल झाला त्या दिवशी आबांनी होडी काठावर ओढून पालथी घातली, इथवर आले. मग पुढं:

'आबा मला रोज होडीतून पलीकडच्या शाळेत सोडायचे. पूल झाल्यावर मी पुलावरून गेले. पहिल्या दिवशी मी खाली बघितलं, तर आबा काठावर हात वर करून उभे होते. माझ्याबरोबर मैत्रिणी होत्या म्हणून मी हात केला नाही. घरी आल्यावर आबा म्हणाले, पुलावरनं लई उंच दिसत होतीस. मी त्यांना सॉरी म्हणणार होते. पण रोज राहून गेलं.'

इथं पेंटरनी मोबाइल खाली ठेवला. कलाबाईंनी पदर डोळ्याला लावला. उरलेलं सम्राटनं पुढं येऊन वाचलं, आणि शेवटी होतं, 'आबा गेल्यावर मी ती पालथी होडी सुलटी केली. खाली काय होतं ते मी सांगणार नाही.'

"काय हुतं?" भाऊसाहेब म्हणाले. म्हणाले आणि चपापले.

"शेवट फोडायचा न्हाई," सगळी पोरं एका आवाजात ओरडली.

पेंटरनी डोळे पुसले. "म्हंजी मॅडम सोडल्या तर एवढ्या गावात ह्ये शेवटपर्यंत कुनीच वाचलं नव्हतं."

"म्या वाचलं हुतं."

सगळ्यांनी माना वळवल्या. मागं, चपलांच्या ढिगाशी, आक्का हात वर करून बसली होती.

"नातवानं माझ्या मोबाइलवर लावून दिलं हुतं. राहुरीपतूर डोळ्यातल्या पान्यानं दिसंना. मंग डोळे पुसले आन् दुसरी वळ वाचली. म्हनलं, ह्येनं कवा होडी चालवली? ह्याला तर पवता येत न्हाई. हळूहळू वाचते मी, चौथी शिकलेली. विळदचा घाट आला तवर सगळं वाचून झालं. भाऊ जित्ता हाय ह्ये मला तवाच कळलं." तिनं पदर सारखा केला. "नगरच्या स्टँडावर श्रीरामपूरची गाडी उभीच हुती. बसता आलं आसतं. न्हाई बसले. दौंडच्या गाडीत चढले."

"मंग आक्का," पेंटर म्हणाले, "तू रडत का आलीस गं?"

"अकरा वरसाचं रडायचं राहिलं हुतं," आक्का म्हणाली. "त्या पोरीनं लिवलंय ना, रोज राहून गेलं म्हनून. माझं पन राहून गेलतं." मग ती भाऊसाहेबांकडं वळली. "आन् तू रं, ह्येच्यावर कुलूप घालतो व्हय? ह्या पोरीच्या लिवन्यानं मला भावाच्या दारात आनलं. तुमी समदे मिळून आनलं व्हतं का?"

पेंटर चपलांच्या ढिगातून वाट काढत तिच्यापर्यंत गेले आणि खाली बसले. "आक्का, माझं चुकलं. फळा ऱ्हाऊ द्यायचा आन् आधी तुझ्याकडं पळत यायचं, येवढं मला कळलं न्हाई. माफ कर मला." आणि ते पोरासारखे रडले. आक्कानं त्यांच्या डोक्यावरची टोपी नीट केली आणि शनिवारी मारलेल्या गालावरून हात फिरवला.

आता अशा वेळी कोण कशाला बंद करतं? भाऊसाहेबांनी घसा साफ केला आणि ठराव मांडला की ब्लॉग चालू ठेवावा, वर पुस्तकाचं नाव ठळक टाकावं, आणि ते होडीचं पुस्तक पहिल्यांदा अध्यक्षांना मिळावं. तिसऱ्या कलमावर लई भांडण झालं. शेवटी नंबर लावले. भाऊसाहेब पहिले, कलाबाई दुसऱ्या, टेम्पोवाला तिसरा, पेंटर चौथे.

ज्ञानूनं घरी येऊन काय केलं, तर आधी कोनाड्यातला पाट उचलला.

बांबू परत कोण घेणार? पेंटरनी ते शाळेत नेले, मधून चिरले, सुतळीनं बांधून व्हरांड्यात पुस्तकांची मांडणी केली. वर पाटी लावली आणि सुंदर अक्षरात लिहिलं, 'मच्छिंद्र पेंटर यांच्या तिरडीपासून'. मुख्याध्यापकांनी ती काढायला सांगितली. पोरांनी काढू दिली नाही.

पुस्तक पेंटरच्या हाती आलं ते संक्रांतीला. दिवसाला दोन पानं, वर नाही. रोज दिवेलागणीला श्रीरामपूरहून फोन यायचा आणि पेंटर ती दोन पानं आक्काला वाचून दाखवायचे. परवा आक्कानं विचारलं, "होडी सुलटी केली का रं त्या पोरीनं?"

"न्हाई अजून. चारच पानं राहिलीत, आक्का."

"मंग थांब. पुढं नको वाचू. मी उद्या सकाळच्या गाडीनं येते."

पेंटरनी खूण म्हणून कानावरचा खडू पुस्तकात ठेवला आणि निकिताला हाक मारली, "उद्या पुरन घाल गं, आक्का यायचीय."